वरची वाडी कोणाची

हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहत होतो. मी नाशिकहून या देशात शिकायला आले आणि इथेच पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, झाले. ती इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरची. वृद्धांना सांभाळणाऱ्या एकाच एज्ड केअरमध्ये आमच्या शिफ्ट असायच्या. माझ्याहून मोठी म्हणून मी तिला ताई म्हणायचे. तिच्या भाषेतही मोठ्या बहिणीला वेगळा शब्द होता, पण ताई तिला जास्त आवडायचं.

त्या सकाळी मी डबा भरत होते. ताई बाल्कनीतून आत आली. फोन हातात नुसता धरलेला.

"डोंगर खाली आलाय," ती म्हणाली. "आमच्या वरच्या वाडीवर. बाबा घरातच होते."

खालच्या वाडीतल्या मावसबहिणीने तेवढंच सांगितलं आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही. भाऊ दुसऱ्या बेटावर पामच्या मळ्यात कामाला होता, तो मिळेल त्या बोटीने निघाला होता. मी कामावर मेसेज टाकला की आज जमणार नाही. "नो वरीज," असं उत्तर आलं. मग आम्ही दोघी डायनिंग टेबलाशी बसलो आणि तिकडची ऑफिसं उघडायची वाट पाहू लागलो.

ताईचं गाव कुठल्या जिल्ह्यात येतं हे मला तेव्हाच नीट कळलं. आपल्या जिल्ह्यासारखा त्यांचा काबुपातेन. त्याच्या पोटात तालुक्यासारखे केचामातान, त्यांच्या पोटात गावं आणि गावांच्या वाड्या. ताई लहान असताना सगळा मुलूख एकाच मोठ्या काबुपातेनात होता आणि त्याचं मुख्य गाव डोंगरापलीकडे, समुद्रकाठी. तिची आई बाळंतपणात अडली तेव्हा तिला होडीने आणि मग ट्रकने तिकडे नेत होते. ती वाटेतच गेली, बाळही गेलं.

त्यानंतर तिच्या वडिलांनी एकच ध्यास घेतला. आपला काबुपातेन वेगळा हवा. दवाखाना जवळ यायला हवा, साहेब हाकेच्या अंतरावर हवा. ते आणि गावोगावचे लोक वर्षानुवर्षं हिंडले, सभा घेतल्या, राजधानीत जाऊन बसून राहिले. जिल्हा फोडण्याला त्यांच्याकडे जो शब्द आहे, तोच फूल उमलण्यालाही वापरतात, असं ताईने मला पूर्वी कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. शेवटी नवा काबुपातेन झाला. गावात रेडा कापला, तीन गावं जेवली. वडिलांनी त्या दिवसासाठी शिवून घेतलेला शर्ट ते पुढे फक्त सणालाच घालायचे.

पण हद्द ठरवताना नदी धरली. गावाची खालची वाडी नदीच्या अलीकडे, ती नव्यात गेली. वरची वाडी पलीकडे. ती नव्या केचामातानात धरायची की जुन्याकडे ठेवायची, यावर दोन्हीकडचे भांडत राहिले आणि निकाल लागलाच नाही. एरवी कोणाचं अडत नव्हतं.

ऑफिसं उघडल्यावर ताईने आधी नव्या काबुपातेनात फोन लावला, स्पीकरवर. मला भाषा येत नव्हती, पण पलीकडच्या माणसाचा सूर ओळखीचा होता. खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवणाऱ्या माणसाचा सूर कुठल्याही भाषेत कळतो.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, वरची वाडी अजून आमच्याकडे आलेली नाही. जुन्या ऑफिसला विचारा."

जुन्या ऑफिसातल्या बाईचं म्हणणं होतं की तुमचं गाव तर वेगळं होऊन गेलं. आमची माती उपसायची यंत्रं आमच्या हद्दीतल्या रस्त्यांवर आहेत, पाऊस इथेही आहे.

ताईने पुन्हा नव्या ऑफिसला लावला. यावेळी आवाज एका तरुण पोरीचा होता. ताई आधी समजावत होती, मग विनवायला लागली. एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नंतर तिने मला त्याचा अर्थ सांगितला: हा जिल्हा माझ्या बापाने मागून आणलाय. ती पोरगीही रडायला लागली. "ताई, मी फोन ठेवत नाही," ती म्हणाली, "तुम्हाला बोलायचं तेवढं बोला. पण मशीन पाठवायचं माझ्या हातात नाही."

मी लॅपटॉपवर नकाशा उघडून बसले होते. त्यावर नदी होती, गावाचं नाव होतं आणि मधून गेलेली एक तुटक रेघ. मी कशाला तो उघडला होता कोण जाणे. काहीतरी करत असल्यासारखं वाटावं म्हणून असेल.

दुपारी ताई म्हणाली, "मी खोटं सांगते."

तिने तिसऱ्यांदा फोन केला आणि सांगितलं की घर खालच्या वाडीत आहे, मशिदीजवळ. खोटं चाललं. संध्याकाळच्या आत एक मशीन निघालं, खालच्या वाडीपर्यंत पोचलंही. पण नदीवरचा पूल वाहून गेला होता. चालकाला पलीकडे उतरायचा हुकूम नव्हता आणि वाटही नव्हती. मशीन मशिदीपाशी उभं राहिलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. ताई जेवायची नाही. मी खिचडी करून समोर ठेवायचे, ती चमचा हातात घ्यायची आणि फोनकडे बघत राहायची. "अजून जिवंत असतील, ना?" असं विचारायची. मी हो म्हणायचे. नंतर नंतर मला हो म्हणताना तिच्याकडे बघवेना.

भाऊ पोचला. तो आणि खालच्या वाडीची माणसं दोर बांधून नदी उतरून गेली आणि फावड्यांनी, पत्र्यांनी, हातांनी उकरत राहिली. वडील सापडले ते दाराच्या आत. मावसबहिणीच्या नवऱ्याने सांगितलं की फार वेळ लागला नसावा, लगेचच गेले असावेत. ताईने ते ऐकून घेतलं. तिला ते खरं वाटलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

दफन त्याच दिवशी होतं, विमानाने पोचणं शक्यच नव्हतं. तिने ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आमच्या खिडकीखाली मिठाईच्या दुकानात कोणाच्या तरी साखरपुड्याची ऑर्डर भरली जात होती, वर तुपाचा वास येत होता. मी खिडकी लावायला उठले, तर ती म्हणाली, "राहू दे."

तोवर टीव्हीवाले पोचले होते. आणि मग दोन्ही काबुपातेनांचे प्रमुख आले, दोन वेगवेगळ्या वाटांनी, आपापली माणसं घेऊन. दोघांनीही वरची वाडी आमचीच म्हणून सांगितलं. भावाच्या फोनमागे माइकवरचं भाषण ऐकू येत होतं.

ताईने ते थोडा वेळ ऐकलं. "आता बाबा दोघांनाही हवे झाले," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

महिन्याभराने ती कामावर आली. नंतर तिला ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सजवळ नोकरी मिळाली आणि ती गेली. अधूनमधून आमचं बोलणं होतं. वरच्या वाडीतले उरलेले लोक खाली हलवलेत, वर आता कोणी राहत नाही. हद्दीचा निकाल अजून लागलेला नाही.