लमदुआनबाईंचा पोरगा टीव्हीवर

सुरिन गावातल्या आमच्या गल्लीत लमदुआनबाई कच्च्या पपईची कोशिंबीर विकतात. पोराला, थिवाला, लाथाबुक्क्यांचं थाई बॉक्सिंग त्यांनीच शिकवलं, घरामागे पोतं टांगून. पण रिंगणाला बाईचा हात लागलेला चालत नाही, अपशकुन मानतात. म्हणून त्या बँकॉकला त्याच्या लढतींना जात नाहीत, रविवारची लढत दुकानातच चॅनेलवर बघतात.

त्या रविवारी मीही दुकानात होते. तिसऱ्या फेरीत त्या ओरडल्या, "डावा हात वर घे, मेल्या!" तेवढ्यात थिवाच्या कानाखाली लाथ बसली. तो पडला, उठलाच नाही. डॉक्टर वर चढला आणि साबणाची जाहिरात लागली. ती संपली तर थेट मालिका सुरू!

थिवाचा फोन बंद. गल्लीच्या तक्रारींसाठी साहेबांच्या कचेऱ्या दणाणून सोडणारी मी; चॅनेललाच फोन लावला.

"मनोरंजनासाठी एक, खेळासाठी दोन दाबा," यंत्र म्हणालं. दोन दाबलं. नुसतं संगीत वाजत राहिलं.

"शिव्या घाल ना गं त्यांना!" लमदुआनबाई म्हणाल्या.

"कुणाला घालू, मावशी?"

मी टीव्ही बंद करायला गेले, तर त्यांनी रिमोट ओढून घेतला.

"राहू दे. खाली पट्टीवर येईल काहीतरी."

पट्टीवर पुढच्या रविवारच्या लढतींची नावं सरकत होती. लमदुआनबाई तीच नावं पुन्हा पुन्हा वाचत बसल्या.