तुलनेचं रक्त

आमच्या लॅबमधल्या ताईंना "तुमचं चुकलं" म्हणायची कुणाची छाती नव्हती. अठरा वर्षं त्या एकच काम करत होत्या. माणसाच्या रक्तात शिरून जीव घेणारं यीस्ट वाढवायचं, मारायचं, काचेच्या बारीक मण्यांबरोबर घुसळून त्याच्या पेशींची भिंत फोडायची आणि तो चुरा प्लास्टिकच्या ताटलीतल्या इवल्या खळग्यांत चिकटवायचा. मग त्यावर रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातलं पेशी काढून उरलेलं पाणी, घालायचं. शरीर त्या यीस्टशी झुंजत असेल, तर सीरममधली प्रतिपिंडं भिंतीच्या चुऱ्याला धरून बसतात आणि शेवटचं रसायन टाकलं की खळगा पिवळा होतो.

पण पिवळा म्हणजे किती पिवळा? त्यासाठी शेजारी निरोगी माणसाचं सीरम लावतात. त्याच्या दुप्पट रंग आला तरच रोग. हे रक्त लॅबबाहेरच्या दहा जणांचं घ्यावं असा नियम आहे. ती माणसं आणायचं काम माझं, कारण मी इथला कारकून. मी कसला आणतोय! आज आणतो, उद्या आणतो, असं करत दोन महिने काढले.

"मग तूच दे," ताई म्हणाल्या. सुई बघूनच मी दोन पावलं मागे सरकलो.

"जाऊ दे रे बाबा, तुझ्याच्याने नाही व्हायचं. माझंच काढा," म्हणत त्यांनी बाही वर केली. पाच वर्षं त्यांचंच रक्त चाललं. "माझ्याइतकी ठणठणीत बाई शोधून सापडायची नाही," असं वर ऐकवायच्या. आम्हीही माना डोलवायचो.

त्यांचे यजमान नळदुरुस्तीची कामं करायचे. भारी बोलका माणूस. आमच्या बेसिनचा गळका नळ त्यांनीच दुरुस्त करून दिला आणि जाता जाता म्हणाले, "तुमच्या साहेबांपेक्षा हा बरा. पिळला की गप्प तरी बसतो." साहेब मागेच उभे होते.

एक दिवस या यजमानांचं आतडं फुटलं. ऑपरेशन झालं, आयसीयूत शिरेतून अन्न सुरू झालं आणि चौथ्या दिवशी ताप चढला. डॉक्टरांना यीस्टचा संशय आला. पण त्यावरचं औषध मूत्रपिंडांना जड, आणि यांची आधीच दमलेली. खात्री झाल्याशिवाय द्यायला ते धजेनात.

ताईंनी टेस्ट स्वतः लावली. यजमानांचा खळगा पिवळा झाला. तुलनेचाही जवळपास तेवढाच. ताईंनी वरती आयसीयूत फोन केला, "यीस्ट नाहीये. दुसरीकडे बघा." डॉक्टरांनी दुसरीकडे बघितलं. दोन दिवसांनी पुन्हा टेस्ट, पुन्हा तेच.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, निरोप आला. रक्तात यीस्ट वाढलंय.

"शक्यच नाही," ताई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "बाही वर कर." आवाज असा होता की मला घाबरायलाही सुचलं नाही.

माझा खळगा जवळजवळ पाण्यासारखा राहिला. ताईंचा पिवळाधमक. फ्रीजमध्ये यजमानांचं पहिल्या दिवशीचं थोडं सीरम उरलं होतं. माझ्याशी ताडून पाहिलं तर रंग चौपट.

"पहिल्याच दिवशी होतं रे," त्या म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

औषध तासाभरात सुरू झालं. यजमान तिसऱ्या दिवशी गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. ताईंची लेक तांब्या घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत होती. कुणीतरी हळहळलं, "वेळेवर कळलं असतं तर..." तशी ती म्हणाली, "आईने स्वतः तपासलं होतं, दोनदा. करायचं काही राहिलं नाही, एवढं तरी समाधान आहे आम्हाला."

"राहिलं," ताई म्हणाल्या.

लेक त्यांच्याकडे वळली.

"पहिल्याच दिवशी होतं त्यांच्या रक्तात. मीच नाही म्हणून सांगितलं. तुलनेला माझं रक्त लावलं होतं. अठरा वर्षं तो चुरा हाताळतेय, माझ्या अंगात प्रतिपिंडं भरलेली असणारच. हे मला कळायला हवं होतं."

"मग तुझंच का लावलं? दुसरं कुणी मिळालं नाही?" लेकीने विचारलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "नाही मिळालं," म्हणाल्या.

लेकीने हातातला तांब्या खाली ठेवला, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. ताई उठून दाराशी गेल्या आणि हाका मारत राहिल्या. मी तिथेच खुर्चीत बसून होतो. तोंड उघडलं नाही.