खालचा आवाज, वरचा आवाज

खोक्यांच्या कारखान्यात कोरियन मुकादम आला आणि आमच्या वन्सं पन्नाशीत भाषा शिकायला बसल्या. त्याच्या बोलीतले आगीचा आणि खोकी चिकटवायच्या खळीचा असे दोन्ही शब्द त्यांना ‘फुल’च ऐकू यायचे. नोकरी सोडायची सोय नव्हती आणि मेले कान काही ऐकेनात. शेवटी शिकवणीतल्या बाईंनी खूण दिली: आवाज खाली तर आग, वर चढला तर खळ. वन्सं घरभर घोकत हिंडल्या.

परवा मुकादम मागच्या खोलीतून ‘फुल!’ म्हणून ओरडला. आवाज चांगलाच चढलेला! वन्सं खळीची बादली घेऊन आत धावल्या. मग धुरात त्यांना दार काही सापडेना.

आता दवाखान्यात पडल्यापडल्या एकच विचारतात, "वहिनी, आग लागल्यावर खालच्या आवाजात ओरडतं का हो कुणी?"