शनिवारचं तेल आणि मेंदूच्या लाटा

"एण्णै! डोकंभर एण्णै!" एग्मोर स्टेशनाजवळच्या त्या तपासणी-केंद्रातली बाई अशा काही स्वरात ओरडली, की स्टेशनातून सुटू पाहणारी गाडी जागीच थबकली असावी. एण्णै म्हणजे तेल, आणि ते निथळत होतं माझ्या पाच वर्षांच्या भाच्याच्या, चिनूच्या, डोक्यावरून. मेंदूच्या लाटा टिपणाऱ्या तारा तेलकट केसांवर टिकत नाहीत. पण शनिवार उजाडला, की चिनूची तंजावरची आजी, म्हणजे माझ्या बहिणीची सासू, साक्षात यमदूतालाही तेल चोपडल्यावाचून दारातून सोडायची नाही. "शनवारीं कोरडें डोसकें घेऊन कोण वैद्याकडें जातो?" म्हणत ती उलट त्या बाईवरच उखडली.

मग शांपू! फेस इतका उसळला, की अर्धं एग्मोर त्यात बुडालं, हे मी आजही शपथेवर सांगेन. डोक्याला परका हात न सोसणारा चिनू किंचाळून किंचाळून दमला, आईच्या मांडीवर झोपला, तेव्हा कुठे तारा लागल्या.

तुला सांगतो, त्या चिमुकल्या मस्तकावर मांडलेले ठिपके पाहून मला इथले दारोदारचे कोलम, त्या ठिपक्यांच्या रांगोळ्या, आठवले. ठिपके सगळ्यांना दिसतात. रेघ कोणत्या ठिपक्याला वळसा घालील, हे मात्र काढणारीलाच ठाऊक! हाकेला न वळणारा, फिरत्या पंख्याखाली हात फडफडवत आनंदविभोर होणारा, आणि घास ओठांशी आला असता मध्येच निश्चल होऊन शून्यात हरवणारा हा बाळ. त्याच्या अंतरंगातली रेघ कोण काढत होतं? पडद्यावर लाटा धावत होत्या. मला त्यांत क्षणात पर्वतराजी दिसे, क्षणात आमच्या साहेबांची सही.

ऑटिझम या रेघांवरून ठरत नाही, तो मुलाच्या वागण्यातच वाचावा लागतो, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ते शून्यात हरवणं म्हणजे फिट तर नव्हे, एवढंच पाहायचं होतं. आणि फिट असेल तर गोळी आहे, असंही ते बोलून गेले होते. माझी बहीण सुमन त्या एका वाक्याला घट्ट धरून बसलेली. आपल्या लेकराला फिट निघावी म्हणून देवाला साकडं घालणारी आई पाहिली आहेस कधी? तेहतीस कोटी देवांशी घरोबा सांगणारा मी, पण तिच्या शेजारी बसून नेमकं काय मागावं, ते मला उमगेना. आजार मागू? की आजार नसणं मागू?

डॉक्टर बाहेर आले. "फिटची काही खूण नाही. लाटा नॉर्मल आहेत."

आजीनं नातवावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी तर अशी उडी मारली, की छताचा पंखा थोडक्यात वाचला. "सुमे, ऐकलंस? नॉर्मल! अगं, नॉर्मल म्हणतायत!"

झोपलेल्या चिनूच्या कपाळावरचा चिकट लेप पदरानं पुसत ती म्हणाली, "म्हणजे गोळी नाही."