बाबांचा निगून

निघायच्या सकाळी बाबांनी घराला कुलूप लावलं आणि किल्ली, नंदा, तुझ्या हातात दिली. तू आमच्या शेजारची, शाळेत माझ्याच वर्गातली. घावण्यांचा डबा तू आधीच माझ्या पिशवीत कोंबला होतास. दाराच्या चौकटीवर आम्ही यहुदी लोक प्रार्थनेच्या गुंडाळीची एक छोटी डबी ठोकतो. ती काढून घ्यायची का, असं मी विचारलं. बाबांनी तिला बोटं लावली, ती बोटं ओठांना लावली आणि म्हणाले, "राहू दे. घर आपलंच आहे."

गाडी हातखंब्याला हायवेला लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "संपली रत्नागिरी." पुढे मुंबईपर्यंत त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. झोप लागली नव्हती, हे मला कळत होतं.

आई जाऊन सहा महिने झाले होते. मी लग्नानंतर सॅमसनबरोबर इस्राएलला, अश्दोदला आले, त्याला तेव्हा पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली होती. भाऊबहीण कोणी नाही. एकट्या बाबांना तिथे ठेवणं मला शक्य नव्हतं. म्हणून घेऊन आले. नंदा, तू नंतर कित्येकदा फोनवर विचारलंस, "दाऊदकाका रमले का गो तिथे?" मी दर वेळी "हो, छान आहेत" असं म्हणायचे. फोनवर एवढंच सांगता येतं. म्हणून आज सविस्तर लिहिते. आपल्याकडून इथे आलेल्या आणखी कुणी वाचलं तर त्यांनाही ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, चारच घरं होती. सिनेगॉग नव्हतं. शुक्रवारी दिवेलागणीला आमच्या पुढच्या खोलीतच प्रार्थना व्हायची आणि ती बाबा चालवायचे. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणता येत नाहीत. सणाला मुंबईहून कोणी येणार असलं की बाबा स्टँडवर जाऊन उभे राहायचे. दहावा माणूस एसटीतून उतरला की त्यांचा चेहरा खुलायचा. बांधकाम खात्यातला हा कारकून एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण प्रार्थनेला उभा राहिला की त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. तुझी आई म्हणायची, दाऊदभावजींचा सूर लागला, आता वरणाला फोडणी द्यायला हवी.

तो आवाज अश्दोदला आला आणि बसला.

भांडण कुणाशी नव्हतं. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे, गॅलरीतून समुद्राची पट्टी दिसते. पहिल्या दिवशी बाबा बराच वेळ तिकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "मावळतीलाच आहे, ते एक बरं. पण वास नाही याला." त्यांना हिब्रू वाचता यायचं, प्रार्थनेचं पुस्तक तोंडपाठ होतं, पण कोपऱ्यावरच्या माकोलेतमध्ये, म्हणजे वाण्याच्या दुकानात, पाव मागता यायचा नाही. देवाशी बोलायची भाषा येते आणि वाण्याशी बोलायची येत नाही, याची त्यांना लाज वाटायची. सॅमसन आणि मी कामावर, मुलं आपापल्या गावी. दिवसभर ते एकटे. संध्याकाळी मी बांगडा तळला तरी दोन घास खाऊन ताट सारायचे. "गोठवलेला आहे गो बाय. त्याचा काय दोष."

आपल्या लोकांचं सिनेगॉग शहराच्या दुसऱ्या टोकाला. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, वाहनात बसायचं नाही, त्यामुळे चालतच जावं लागतं. एकदा गेले, तर गुडघे आठवडाभर सुजले. त्यानंतर ते घरीच, भिंतीकडे तोंड करून प्रार्थना म्हणायला लागले. आधी मोठ्याने, मग हळू, मग नुसते ओठ हलायचे.

एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "मला परत नेऊन सोड."

"कुणाकडे?"

"तुझ्या आईकडे."

आई आपल्या रत्नागिरीतल्या छोट्या दफनभूमीत आहे, जांभ्या दगडाच्या गडग्याआड. मी म्हटलं, "बाबा, आईला तुमची काळजी घेता येणार आहे का आता?" पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणाले, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मी तिकिटांची चौकशी करायला लागले होते, हे तुला मी सांगितलं नाही. रात्रंदिवस राहणारी बाई तिथे मिळेल का, हेसुद्धा मी मनातल्या मनात जुळवत होते.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हसिदी लोकांची, म्हणजे मूळच्या पूर्व युरोपातल्या कर्मठ यहुद्यांची, एक प्रार्थनेची खोली आहे. तिला ते श्टीबल म्हणतात. काळे लांब कोट, कानाशी केसांच्या बटा, शब्बाथला डोक्यावर केसाळ टोप्या. इतकी वर्षं जिन्यात समोरासमोर आलो की मान हलवायची, एवढाच आमचा संबंध. त्यांची तरुण मंडळी पलीकडच्या नव्या वस्तीत गेली होती आणि इथे म्हातारेच उरले होते.

एका शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडं आधी दार वाजलं. दारात पांढऱ्या दाढीचे एक बुटके गृहस्थ उभे होते, जिना चढून दमलेले. नाव मेंडल. मला म्हणाले, "तुमच्याकडे एक वडीलधारे आहेत ना? आम्हाला एक माणूस कमी पडतोय."

मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. "मला बोलावतायत? दहावा म्हणून?"

"हो."

"सांगितलंस ना त्यांना, आपण कुठले ते?"

मी मेंडलना सांगितलं, आम्ही हिंदुस्थानातले आहोत, आमच्या म्हणण्याच्या चाली वेगळ्या आहेत. मेंडल म्हणाले, "चालीचं नंतर बघू. सूर्य थांबणार नाही."

बाबांनी पांढरा सदरा घातला, आईने शिवलेली मखमली टोपी घातली आणि कठड्याला धरून खाली गेले.

परत आले ते गोंधळलेले होते. "घोड्यावर बसून म्हणतात गो. मला पानं सापडेनात. आपण शब्बाथ म्हणतो, तर हे शाबोस. आपलंच पुस्तक, पण ऐकताना परकं वाटतं." मी ताट वाढत होते. खुर्ची ओढून बसत ते म्हणाले, "पण शब्बाथला सामोरं जायची प्रार्थना असते ना, नवरीला जातात तशी, ती एका संथ चालीत म्हटली. म्हणता म्हणता शब्द सोडून दिले त्यांनी. नुसतीच चाल. आय-आय-आय, या-बा-बाम. पुन्हा पुन्हा तेच."

"त्याला निगून म्हणतात."

"असेल. शब्द नाहीत, ते बरं आहे. चुकायला काही नाही." आणि त्या दिवशी त्यांनी भात परत मागून घेतला.

पुढच्या शुक्रवारी त्यांना बोलवायला कुणाला यावं लागलं नाही. मीही खाली गेले. बायकांसाठी मागे पडदा आहे, तिथे दोन आज्या बसल्या होत्या. पडद्यामुळे काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. प्रार्थना त्यांच्या वेगाने धावत होती आणि तीत बाबांचा आवाज मला कुठे सापडत नव्हता. मग ती संथ चाल सुरू झाली. आधी खाली, जणू कुणी अंधारात पायरी चाचपतंय. मग थोडी वर. मग एकदम उंच जाऊन तिथेच घुटमळणारी. दोन-तीनदा झाल्यावर शब्द गळून पडले. टेबलावर हाताचे ठोके सुरू झाले.

तेवढ्यात मला बाबा ऐकू आले.

आधी इतरांच्या आडून, मग सगळ्यांच्या वर. तोच आवाज, नंदा, गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा तो. चालीच्या शेवटी, जिथे बाकीचे सरळ खाली उतरत होते, तिथे बाबांनी आपल्या पद्धतीची एक हरकत घेतली, खास कोकणातली, सणाच्या दिवशी घ्यायचे तशी. ठोके थांबले. क्षणभर खोलीत कुणीच गाईना. आता कोणी हसेल, किंवा काही बोलेल, असं वाटलं. मग मेंडलचा चिरका आवाज आला. तीच हरकत घ्यायचा प्रयत्न करत होते. त्यांना ती नीट जमली नाही. बाबांनी पुन्हा घेऊन दाखवली. मग सगळ्यांनी घेतली, प्रत्येकाने आपापल्या परीने, आणि टेबलावर पुन्हा हात पडायला लागले.

माझ्या शेजारच्या आजीने विचारलं, "तुझे वडील का?" मी मान हलवली. तिने बाहीत खोचलेला आपला रुमाल काढून माझ्या हातात दिला, कारण माझे डोळे वाहत होते आणि माझ्याकडे पुसायला काही नव्हतं.

तेव्हापासून दाऊदकाकांचे रेब दाविद, म्हणजे दाविदराव, झाले. मेंडल आणि ते दोघे संध्याकाळी खालच्या बाकावर बसायला लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मेंडलकडे तपकिरीची चांदीची डबी होती. बाबांनी आईच्या धाकाने तपकीर सोडली होती. ती पुन्हा सुरू झाली. दोघे चिमूट ओढायचे, आळीपाळीने शिंकायचे आणि समाधानाने समोरच्या झाडाकडे बघत राहायचे.

एकदा मी कामावरून येताना त्यांनी मला थांबवलं. बाबा म्हणाले, "विचार त्यांना, ही चाल कुणाची?"

मेंडलनी सांगितलं ते मी मराठीत करत गेले. चाल त्यांच्या वडिलांच्या गावची, दूर युरोपातली. लढाई आली तेव्हा वडील लहानग्या मेंडलला घेऊन निघाले. आई आणि बहिणी मागून येणार होत्या. त्या आल्या नाहीत. नंतर शोधायला गेले तर गावात आपलं माणूस उरलं नव्हतं. "वडील दर शुक्रवारी हीच चाल म्हणायचे," मेंडल म्हणाले. "शब्द सोडले की मला वाटायचं, आता ते आईशी बोलतायत."

बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग, माझी बायको रत्नागिरीला आहे."

मी सांगितलं. मेंडलनी विचारलं, "तिच्या दगडावर नाव आहे?"

"आहे. हिब्रूत आणि मराठीत."

मेंडलनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग तुमचं नशीब, रेब दाविद. माझी आई कुठे आहे हे मला माहीत नाही."

त्या रात्री बाबा पुन्हा परत जायचं काढतील असं मला वाटलं. त्यांनी ते काढलं नाही. झोपायला जाताना म्हणाले, "नंदाला फोन कर. पावसानंतर आईच्या थडग्यावर गवत माजतं, तेवढं काढवून घे म्हणावं." तू ते दर वर्षी करत आलीस. तिकिटांचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

बाबा आणखी चार वर्षं होते. गेले ते झोपेत, मंगळवारी पहाटे. त्यांना इथेच, अश्दोदला ठेवलं. मेंडल काठी टेकत शेवटपर्यंत आले आणि मातीची पहिली मूठ त्यांनी टाकली. महिन्याभराने मी श्टीबलमध्ये गेले, पडद्यामागे बसले. निगून म्हटला, शब्द सोडले, आणि शेवटी सगळे म्हातारे त्या कोकणी वळणावरून खाली उतरले. दोन पाहुणे पोरंही तशीच उतरली. त्यांना वाटलं असेल, चालच तशी आहे.

लोक विचारतात, तुझं घर कुठलं? पूर्वी मी पटकन रत्नागिरी म्हणायचे. आता आई तिथे, बाबा इथे, मध्ये समुद्र. नवराबायकोला इतकं लांब ठेवलं, याचं मला वाईट वाटत राहिलं.

या हिवाळ्यात मी आले होते तेव्हा तू मला स्कूटरवरून दफनभूमीत नेलंस. गवत काढलेलं होतं. एक गडी गडग्याचे ढासळलेले दगड लावत होता. मी आईसाठी प्रार्थना म्हटली. मग, ठरवलं नव्हतं, पण ती चाल सुरू झाली. श्टीबलमध्ये बाईने पुरुषांच्या कानावर पडेल असं गायचं नसतं. तिथे मी कायम ओठांतल्या ओठांत म्हणत आले. आईसमोर मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटली, पूर्ण गळ्याने. गड्याच्या हातातला दगड हातातच राहिला.

तू विचारलंस, "ही काकांची नाही ना? त्यांची वेगळी होती."

"ही त्यांनी तिकडे शिकलेली."

"मग काकूंना नवीनच असेल," तू म्हणालीस. आणि गडग्यावरची माती झटकून बसत म्हणालीस, "हळू म्हण जरा. त्यांना समजू दे."

मी तुझ्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून, हळू, पुन्हा म्हणायला लागले.