भावोजींची दिवड

आमच्या भावोजींना सगळं कळायचं. कुठून कळायचं, ते विचारायची सोय नव्हती. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, देव त्यांना सद्गती देवो. कचेरीत कारकून आणि घराच्या फाटकावर पाटी, 'सर्पमित्र'. पाटी स्वतःच रंगवलेली, पदवीही स्वतःच दिलेली! काही सुचवलं की उत्तर ठरलेलं, "वहिनी, तुम्ही स्वयंपाकाचं बघा. सापाचं मला कळतं."

कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षी त्यांनी कुणाच्या विहिरीतली दिवड आणून पडवीत माशांच्या काचपेटीत ठेवली. दिवड म्हणजे पाण्यातला बिनविषारी साप. "सोडा हो तिला पऱ्याच्या वाहत्या पाण्यात," मी म्हटलं. म्हणे अभ्यास करायचाय. डोंबलाचा अभ्यास!

पावसाळ्यात रत्नागिरीत चपलांनासुद्धा बुरशी येते. पापड, दप्तरं, गोधड्या, सगळं आम्ही सुकवत बसतो. भावोजींनी सापही सुकवला. पेटीवर साठ वॅटचा दिवा लावला, पाण्याची वाटी काढून टाकली, खाली रोज कोरडं वर्तमानपत्र. "ओल लागली तर बुरशी धरेल." बाहेर कौलांवरून धो धो पाणी आणि पाण्यातला साप आत कोरडाठाक. धन्य ते सर्पमित्र!

श्रावणात तिचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायची वेळ आली होती. भावोजींना ती अख्खी हवी होती, गणपतीला येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला. दिवड काचेवर तोंड घासत होती, पण गुळगुळीत काचेवर काय घासणार? कात तुकड्यातुकड्यांनी सुटली. डोळ्यांवरची तशीच चिकटून राहिली. भावोजींनी चिमटा आणला.

"ओढू नका हो!" मी ओरडले.

"वहिनी, स्वयंपाकाचं बघा."

ओढली. दोन्ही डोळे गेले.

गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. "कोरड्या हवेत कात सुटेल कशी? तिला भिजायला पाणी हवं, घासायला खडबडीत दगड हवा. कोमट पाण्यात ठेवली असतीत तर आपसूक निघाली असती."  घरी आल्यावर मीही त्यांना दोन दिवस सोलून काढलं.

आंधळी दिवड आता सोडणार कुठे? पेटीत पाण्याची परात आली, ओलं गोणपाट आलं, जांभ्या दगडाचा तुकडा आला. भावोजी चिखलात बेडूक पकडत हिंडायचे, तिच्या तोंडाशी धरायचे आणि स्वतःची बोटं चावून घ्यायचे. पुढची कात मोजा काढावा तशी अख्खी निघाली. ती मात्र त्यांनी कुणाला दाखवली नाही. वर्षभराने दिवड मेली. तिला माडाखाली पुरून आले आणि त्यांनी फाटकावरची पाटी उतरवली.

पाटी गेली तरी फोन यायचे. एकदा नाटे गावच्या कुणा गृहस्थाचा आला. पाळलेल्या सापाची कात अडकली होती.

"ओढू नका," भावोजी म्हणाले. "कोमट पाण्यात ठेवा, दगड द्या. बरा झाला की सोडा त्याला." पलीकडून काही विचारलं असावं. "नाही हो, सर्पमित्र वगैरे नाही मी. मला सापाचं काही कळत नाही. माझ्या हातून एक आंधळी झालीय."

फोन ठेवून ते तिथेच उभे राहिले. "आता कळतं हो तुम्हाला सापाचं," असं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी स्वयंपाकाचं बघायला आत गेले.