मी पाण्यात उतरलो नव्हतो

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलहून पूर्वेला दोन-अडीच तास गाडी चालवली की जमीन अगदी सपाट होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी लागतं. ती नदी नाही आणि तळंही नाही. पाण्यात उभं असलेलं जंगल आहे. मी रस्ते-पूल बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. तिथला एक जुना पूल बदलायचा होता, म्हणून दीड वर्ष खेपा घातल्या. शनिवारची खेप असली की बायको बरोबर यायची. लग्नाआधी ती कऱ्हाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती.

विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहाला त्या भागातले नमुने हवे होते. ते गोळा करण्यासाठी अर्ज मी केला. जागेवर जायची परवानगी माझ्या नावाची होती, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

तिथे मुख्य झाडं दोनच, सायप्रस आणि ट्युपेलो. सायप्रस सूचिपर्णी, तरी थंडीत सगळी पानं गाळतो. आधी विटकरी होतो, मग उघडा. त्याच्या मुळांतून लाकडी खुंट पाण्याबाहेर येतात. इथले लोक त्यांना गुडघे म्हणतात. ट्युपेलोचं खोड बुंध्याशी रांजणासारखं फुगलेलं असतं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वर टिकल्यांसारखी हिरवी पानं तरंगत असतात. वसंतात ट्युपेलोला फुलं आलेली खालून कळतही नाहीत. ती म्हणायची, मान वर करू नका, ऐका. वर मधमाश्यांचा आवाज असायचा.

ती छातीपर्यंतची रबरी विजार चढवून आत जायची. विजार पुरुषी मापाची, कमरेला ओढणीनं बांधलेली. मी पुलावर उभा राहायचो, थर्मास घेऊन. त्या पाण्यात जाड काळे साप असतात, ते एकदा पाहिल्यापासून मी रस्ता सोडला नाही.

"अहो, या की! साप काय फक्त इंजिनिअरलाच चावतो?"

"मला वरून सगळं दिसतंय."

"वरून तुमचं टक्कल दिसतंय. तुम्ही आणि हा सायप्रस एकाच कुळातले. थंडीत दोघांच्याही डोक्यावर काही नाही."

घरी आल्यावर ती फांद्या मराठी साप्ताहिकांच्या पानांत दाबायची. वर पोळपाट, त्यावर प्रवासाच्या बॅगा. रोज कागद बदलायची. पानाच्या टोकाशी एखादाच दात आहे की नाही, हे भिंगातून बघायची. मग मला मराठीतून सांगायची आणि मी इंग्रजीत लेबल टाइप करायचो. एकदा तिनं सांगितलं, "सायप्रसचं बी पाण्यात रुजत नाही. एखाद्या वर्षी पाणी ओसरून चिखल उघडा पडला तरच रुजतं. आणि पाणी परत यायच्या आत रोपाचं डोकं वर राहील एवढं ते वाढायला हवं. लिहा." मी लिहिलं: साचलेल्या पाण्यात, सर्वत्र आढळते. लेबलावर जागा तेवढीच होती. निदान मी तिला तसं सांगितलं.

'गोळा करणारा' या शब्दापुढे मी माझं नाव टाइप केलं. प्रत्येक लेबलावर.

"माझं पण घाला ना. आद्याक्षरं तरी," ती एकदा म्हणाली. पोळ्या लाटत होती.

"पुढच्या खेपेला घालतो."

पुढच्या खेपेलाही मी घातलं नाही. नंतर तिनं विचारलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात या नमुन्यांबद्दल माझा सत्कार झाला. मुलं मला जंगलवाले काका म्हणायला लागली होती. ती मागे पुऱ्या वाढत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "शाल तुम्हाला, चिखल मला." मी हसलो. तीही हसली, असं मला आठवतं. खात्री नाही.

तिला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हा मी रडलो नाही आणि त्यानंतरही नाही. सकाळी उठतो, चहा करतो, चालून येतो. हे लेबलांचं मात्र मनात राहिलं होतं. यंदा एकोणऐंशी पूर्ण झाली, तेव्हा मुलीला म्हटलं, मला विद्यापीठात ने.

संग्रह सांभाळणाऱ्या बाई माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि टेबलावर फायली मांडल्या. ट्युपेलोची पानं तपकिरी झाली होती, पण देठ जिथे सुईदोऱ्यानं कागदाला टाचले होते ते टाके तसेच होते. तिचे टाके. खाली माझं नाव.

मी म्हटलं, हे नाव खोडायचं आहे.

त्या म्हणाल्या, इथे काही खोडत नाही. जुनं लेबल चुकीचं असलं तरी राहतं. शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतात, तारीख आणि सही घालून. मग त्यांनी विचारलं, झाडं दुसऱ्या कुणी गोळा केली याला काही आधार आहे का?

"मी पाण्यात उतरलो नव्हतो," मी म्हणालो. "एकदाही नाही. मी पुलावर होतो."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी तिनं तो सत्कार पाहिला होता. बाईंनी फक्त मान हलवली आणि एक कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. एक तुम्ही लिहा, बाकीच्या मी छापून लावते, म्हणाल्या. गोळा करणाऱ्याचं नाव काय?

मी पेन धरून बसलो. आमच्या लग्नात मी ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. वडिलांनी सुचवलेलं, मला आवडलेलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढे सगळे तिला त्याच नावानं ओळखायचे. पण बी.एस्सी.च्या सर्टिफिकेटवर तिचं आधीचं नाव होतं. वनस्पतिशास्त्र त्या नावाची मुलगी शिकली होती.

मी ते नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. अक्षर वाकडं आलं.

मुलीनं वाकून वाचलं. "बाबा, हू इज धिस?"

"तुझी आई."

"बट आईचं नाव तर..."

"ते मी ठेवलेलं," मी म्हटलं.

बाईंनी चिठ्ठीला गोंद लावला आणि माझ्या नावाच्या शेजारी, थोडी वर, चिकटवली. गोंद वाळेपर्यंत फाइल मिटता येत नाही. म्हणून आम्ही तिघं त्या फांदीभोवती तसेच बसून राहिलो.